साखराबाईचा बारमाही घट

लातूरला रेल्वेनं पाणी पोचवावं लागलं, त्याच्या आदल्या दसऱ्याची गोष्ट. सिरसाळ्याच्या अलीकडं माळाच्या कडेला पंचवीस-तीस घरांची वस्ती आहे. तिथली निम्मी घरं शिलंगणाच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर चढली. ऊसतोडीचे दिवस. कोयते, पिठाचे डबे, तवे, शेळ्या, कोंबड्यांचे खुराडे, सगळं एकावर एक रचलं आणि वर लेकरं बसवली. मागं राहिली ती म्हातारी माणसं, कुलपं आणि कुत्री.

साखराबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. नवरा उत्तरेश्वर जाऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून घर तिच्या जिभेवर चाललं होतं, आणि त्या जिभेची ओळख वस्तीत कुणाला करून द्यावी लागत नव्हती. लेक रामहरी तिच्याकडं पाठ करून दोर आवळत होता.

"पोरगी ठिव म्हनते मी," साखराबाई चौथ्यांदा म्हणाली. "चौथीत हाय ती. शाळा बुडवून तिला उसाची चिपाडं मोजायला नेतूस का?"

"माय, आमी दोघं फडात. धाकट्याला कोन बघनार मग?"

"लेकरू झालं तवा मला इचारून झालं व्हतं का?"

ट्रॅक्टरवरून सून सत्यभामा बोलली. सासूइतकीच तिखट, फरक एवढाच की ती थांबून बोलायची. "आत्या, तुमचं तुमाला होईना. चार दिस ताप आला तर तांब्याभर पानी कोन देनार तुमाला? पोरगी कशी संभाळताल?"

साखराबाईची नात अंजना तेवढ्यात एक खोका पोटाशी धरून ट्रॅक्टरवर चढत होती. खोक्यात पांढरा ससा. तिच्या मामानं अंबाजोगाईहून आणलेला. नाव ठेवलं होतं कापश्या. सत्यभामानं वरूनच खोका काढून घेतला.

"तिथं फडावर कोपीत ऱ्हायचं, कुत्री लई. एका दिसात फाडतेल त्याला."

पोरीनं भोकाड पसरलं. सत्यभामा खाली उतरली, खोका सासूच्या हातात टेकवला आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाली, "घ्या. पाडव्यापस्तोर आधी हे ससं जगवून दाखवा, मग पोरगी मागा. जगलं तर पुढं अंजना तुमच्यापशी ऱ्हाईल. माझा शब्द."

"शब्द दिलास बरं का," साखराबाई म्हणाली. "मागनं गिळू नको."

ट्रॅक्टर हलला. धुरळ्यातून अंजनाचा आवाज येत राहिला, "आजेऽऽ, त्याला हिरवं लागतं! रोज हिरवं!"

हिरवं! साखराबाईनं माळाकडं पाहिलं. सोयाबीन वीतभर वाढून जळालं होतं. कापूस उभ्या उभ्या वाळला होता. लिंबाच्या झाडाखेरीज नजरेला हिरवा ठिपका नव्हता. टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि घरटी दोन हंडे मिळायचे. मोठ्या जनावरांसाठी छावणी होती, तिथं कारखान्याकडून उसाचं वाढं यायचं. सशासाठी छावणी सरकारला सुचली नव्हती.

तिनं खोक्यात डोकावलं. म्हैस असती तर दूध दिलं असतं. कोंबडी असती तर अंडं. कुत्रं असतं तर निदान भुंकलं असतं. हे नुसतं नाक हलवत होतं.

"पाव्हणं," ती म्हणाली, "चांगल्या घरी आलास तू."

नावानं हाक मारायची नाही, हे तिनं त्याच घटकेला ठरवलं. नाव घेतलं की जीव लागतो, आणि तेवढी उसंत तिला नव्हती.

पहिले तीन दिवस पाव्हण्यानं तिचा अपमान केला. भाकरीचा चुरा हुंगला आणि सोडला. कडबा बघून तोंड फिरवलं. लिंबाचा पाला टाकला तर त्यावर जाऊन बसला. चौथ्या दिवशी तो बाजेखाली आडवा पडून राहिला, पोट भात्यासारखं हलत होतं. साखराबाई जवळ बसून त्याला शिव्या देत होती. शिव्या द्यायला तरी समोर कुणीतरी होतं. घरात चार दिवस माणसाचा आवाज नव्हता आणि तिचाच आवाज भिंतीवर आपटून तिच्याकडं परत येत होता.

पाचव्या दिवशी सकाळी ती परसातून आत आली तर बाजेखाली ससा नव्हता. दारामागं कुरकुर चालली होती. तिथं टोपलीत नवरात्राचा घट ठेवलेला. घट उठला की रोपं विहिरीत सोडायची रीत, पण विहिरीत सोडायला पाणी कुठं होतं? म्हणून टोपली तशीच राहिली होती. ती आता कलंडली होती, आणि पाव्हणा देवीचे पिवळे कोंब खात होता.

साखराबाईनं केरसुणी उचलली. सशानं मान वर केली. तोंडातून गव्हाचा एक कोंब लोंबत होता, तो तिच्याकडं बघता बघता आत ओढला गेला.

केरसुणी न मारताच खाली आली. साखराबाईनं देवीच्या टाकाकडं बघून थोडा वेळ वाट पाहिली. काही झालं नाही. देवी रागावली असती तर एव्हाना कळलं असतं, असं तिनं ठरवलं आणि ती टोपलीजवळ बसली.

ओंजळभर धान्य, चार ओंजळी माती, रोज एक फुलपात्र पाणी, आणि नऊ दिवसांत वीतभर रान. हे तर ती लग्न होऊन आल्यापासून पन्नास वर्षं करत आली होती. रामहरीला कारखान्याचा रस्ता कळत होता, सरकारला टँकरचा. हिरवं कसं काढायचं ते घरातल्या बाईच्या हातात होतं आणि पन्नास वर्षांत तिनं ते वर्षातून एकदाच काढलं होतं.

एका टोपलीनं भागणार नव्हतं. तिनं पदर खोचला आणि दूध सोसायटीकडं निघाली.

सोसायटी म्हणजे पत्र्याची एक खोली. मागं कधीतरी सोसायटीनं घरात मका उगवून जनावरांना चारायची टूम काढली होती आणि त्यासाठी पसरट प्लास्टिकचे ट्रे आणले होते. वाटायच्या आधीच म्हशी विकल्या गेल्या. ट्रे मागच्या भिंतीला रचून पडले होते. चेअरमन तात्याबा पायरीवर खुर्ची टाकून बसला होता. दूध नव्हतं, पण खुर्ची होती.

"काय काकू, दूध घालायला आल्या का?"

"तुझ्या सोसायटीत आता घालायचं तर पानी घालावं लागंल तात्या, आन ते बी न्हाई. चार ट्रे दे."

"कावून?"

"पेरायला."

"ट्रे सभासदाला. तुमची म्हैस कवाच गेली."

"म्हैस गेली, मी न्हाई गेले. सोसायटी निघाली तवा पहिला अंगठा माझा हाय. तू तवा चड्डीत हिंडत व्हतास, ती बी फाटकी."

समोरच्या पारावरचे दोघं-तिघं म्हातारे हसले. तात्याबा उठला आणि स्वतःच ट्रे काढून, फडक्यानं पुसून देऊ लागला. "पेरनार काय पन?"

साखराबाईच्या ओठावर ससा आला होता. पण पारावरच्यांकडं बघून तिनं तो गिळला. साखराबाई सशाची आया झाली, हे वर्षभर ऐकायची तिची तयारी नव्हती. एवढ्या दिवसांत ससा मेला असणार, असं सगळी वस्ती धरून चालली होती. तसंच राहू दे, ती मनात म्हणाली.

"तुझी अक्कल," ती म्हणाली. "उगवली तर आनून दाविते."

बाहेर ठेवलं तर ऊन जाळणार आणि उरलेल्या शेळ्या खाणार. म्हणून ट्रे आतल्या बिनखिडकीच्या खोलीत, देव्हाऱ्याखाली मांडले. तिथं दुपारी सुद्धा दिवा लावल्याशिवाय दिसत नसे. गहू एक दिवस भिजवून बारदानाच्या ओल्या तुकड्यात बांधला, मोड आल्यावर मातीवर पसरला. एक ट्रे पेरायचा, एक वाढायचा, एक कापायचा. मका घातला. ज्वारी मात्र टाळली. दुष्काळातली कोवळी ज्वारी खाऊन नवऱ्याचा बैल अर्ध्या तासात फुगून पडलेला तिनं पाहिला होता. चौथ्या ट्रेमध्ये मसाल्याच्या डब्यातली मेथी टाकली. धने वहाणेखाली रगडून त्यांच्या डाळी केल्या आणि त्याही टाकल्या. कोपऱ्यात शेपू. हा ट्रे मग उजेडाला म्हणून ती सकाळची घटकाभर दारात आणून ठेवायची आणि शेळी दिसली की आत न्यायची.

पाण्यासाठी तिनं साबण सोडला. परातीत उभं राहून अंघोळ करायची आणि ते पाणी ट्रेला. डाळ धुतलेलं पाणी ट्रेला. भांडी राखेनं कोरडीच घासायची, शेवटच्या विसळणीचं तेवढं पाणी ट्रेला.

तोवर टोपलीतल्या कोंबांवर निभावलं. नऊ दिवसांनी पहिला ट्रे कापला. पाव्हण्यानं तो असा खाल्ला की साखराबाई भाकरी करता करता थांबली. मेथी दोन पानांवर आली तेव्हा तिनं मूठभर खुडून निवडली, कांदा चिरला, शेंगदाण्याचं कूट, मीठ, वर तेलाची धार, आणि घोळाणा केला. सहा महिन्यांनी हिरवं तोंडात गेलं होतं. कडू, कोवळं, पाणीदार. खाता खाता तिला हुंदका आला. तिनं तो घासाबरोबर खाली ढकलला आणि सशाला म्हणाली, "बघतूस काय? तुझं तू खा."

तेव्हापासून दोघं एकाच वेळी जेवू लागले. ती ताटावर, तो ताटाशेजारी. ती बोलायची आणि तो चावायचा. रामहरी लहानपणी कसा मातकट होता, सत्यभामा नवी नवरी आली तेव्हा पाटावर बसताना कशी आपटली, उत्तरेश्वरनं एकदा गुळाची ढेप आणायला जाऊन बैलजोडी कशी आणली. सगळं त्याला सांगून झालं. मग पुन्हा पहिल्यापासून. घरात बाकी आवाज नव्हता. दुपारी बाहेर वारं सुटलं की शेजारच्या बंद घराची कडी हलायची, आणि दर वेळी साखराबाई कुणी आलं म्हणून उठायची.

संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस खरंच कुणीतरी आलं. कौशल्याबाई. नात्यानं चुलत जाऊ, राहायला तीन घरं पलीकडं. तिचीही माणसं फडावर गेली होती. काडेपेटी मागायला म्हणून ती सरळ आत शिरली आणि देव्हाऱ्यापुढं थबकली. दिव्याच्या उजेडात ट्रेमध्ये हळदीसारखे पिवळे कोंब उभे होते. अंधारात वाढलेले, घटात असतात तसेच.

कौशल्याबाईनं पायातल्या वहाणा बाहेर भिरकावल्या आणि भुईला डोकं टेकवलं.

"आक्का! घट बसिवलाय? सुगी ना सन, नवस बोललीस का पावसासाठी?"

ससा बाजेखालच्या पोत्यामागं होता. साखराबाई तोंड उघडून उभी राहिली. खरं सांगायला एवढाच क्षण होता. तेवढ्यात कौशल्याबाईनं हात पुढं केला आणि साखराबाई खेकसली, "हात लावू नको, मोडंल."

बस. एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाईबरोबर रुक्मिणीबाई आली. ही वस्तीतली सगळ्यात सोवळी बाई, डोळ्यानं अधू. तिसऱ्या दिवशी आणखी तिघी आल्या. हळद-कुंकू आलं, ऊदबत्ती आली. आणि येताना प्रत्येकीच्या हातात पाणी होतं. कुणाचा तांब्या, कुणाचं फुलपात्र. टँकरचं, मोजून मिळालेलं. देवीच्या घटाला.

"आक्का, घटात ज्वारी कशी न्हाई गं?" कौशल्याबाईनं एकदा विचारलं.

"न्हाई चालत."

"आन ह्यो शेपू? देवीच्या घटात शेपू कोन पेरतं?"

"रोज गहूच खाईल का ती? तुला जमंल का?"

बाया हसल्या. रुक्मिणीबाईनं गालावर चापट्या मारून देवीची माफी मागितली. आणि साखराबाईला आत कुठंतरी ऊब लागली. तीन महिन्यांत तिच्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं. ससा हसत नसे.

आता दुपार झाली की ती पटकुरं झटकून अंथरायची. ससा खोक्यात घालून वर पोतं टाकायची. बाया यायच्या, गाणी म्हणायच्या, फडावरच्या लेकरांची आठवण काढून डोळे पुसायच्या, तिच्या हातचा घोळाणा प्रसाद म्हणून चिमटी चिमटीनं खायच्या. ट्रे चाराचे सहा झाले. पाव्हणा गुबगुबीत झाला. ती खोटं बोलली नव्हती, असं ती स्वतःला रोज सांगायची. रोज सांगावं लागत होतं, हेच तिला खुपायचं.

मध्ये एकदा रामहरीचा फोन आला. तिकडून सत्यभामानं विचारलं, "ससं हाय का?"

"हाय."

"असं म्हनता तुमी."

"मग काय कागदावर अंगठा देऊ?"

"बघू पाडव्याला," सत्यभामा म्हणाली आणि फोन कापला. आवाजात असा एक कोरडेपणा होता की म्हातारी बनवतेय हे तिनं धरूनच टाकलं होतं.

माघ सरला. टँकर चौथ्याऐवजी सहाव्या दिवशी येऊ लागला. बायांचे तांबे लहान झाले, फुलपात्रं झाली, पण येणं थांबलं नाही. कौशल्याबाई मात्र अजूनही भरला तांब्या आणायची.

एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी साखराबाई स्वतः तिच्या दारात गेली. कौशल्याबाईला कणकण होती, ती ओसरीत पडून होती. साखराबाईचं लक्ष अंगणात गेलं आणि ती जागीच थांबली.

कौशल्याबाईची तुळस वस्तीत नावाजलेली. तिच्या सासूनं लावलेली, छातीइतकी उंच, बुंधा मनगटाएवढा. खोकला झालेलं लेकरू असू दे की कुणाचा शेवटचा श्वास, पान तिथलंच यायचं. उत्तरेश्वरच्या तोंडात ठेवलेलं पानही तिचंच. ती तुळस वाळून काळी पडली होती. बोट लावलं तर काडी मोडून हातात आली.

"कौसे, हिला पानी न्हाई घातलंस?"

"कुठलं घालू आक्का? दोन हंडे. मला प्यायला लागतंय, आन एक तांब्या तुझ्या घटाला. तुळशीला हात जोडले. म्हनलं, देवीचं आधी, पाऊस पडला की तू फुटशील."

साखराबाई टोमणा न मारताच वळली आणि घराकडं निघाली. कौशल्याबाईला याचंच नवल वाटलं. तिच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं.

घरी येऊन ती ताटावर बसली, पण घोळाणा तिनं बाजूला सारला. ससा शेजारी बसून तुळशीचं पाणी खात होता. दुसरं काय होतं ते? गव्हाचा कोंब म्हणजे पाणीच की, उभं राहिलेलं. एक गोष्ट तिला लख्ख दिसत होती. गप्प राहिलं तर पाडवा गाठता येईल. महिना उरला होता. ससा जगेल, पोरगी मिळेल. तोंड उघडलं तर पाणी जाईल, बाया जातील आणि पुन्हा ती शेजारची कडी वाजत राहील.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या जमल्या. ताप उतरलेली कौशल्याबाईही काठी टेकत आली. तिच्या हातात भरला तांब्या होता.

"थांब," साखराबाई म्हणाली. "ओतू नको."

तिनं पोतं काढलं, खोका पुढं ओढला आणि ससा कानाला धरून नव्हे, दोन्ही हातांनी लेकरासारखा उचलून देव्हाऱ्यापुढं ठेवला. ससा निवांत गेला आणि सगळ्यांच्या देखत देवीचा गहू खाऊ लागला.

रुक्मिणीबाईला नीट दिसेना. "काय हाय गं ते? मांजर?"

"ससं हाय. माझ्या नातीचं. घट-बिट काय न्हाई. मी नवस बोलले न्हाई. हे ह्याच्यासाठी पेरलंय, पयल्या दिसापासनं."

मग सगळ्या एकदम बोलल्या. पाप, फसवणूक, म्हातारचळ, आणि देवीच्या नावावर ससा पोसला. एकीनं आपला कुंकवाचा करंडा उचलला, एकीनं ऊदबत्ती विझवून पुडा कमरेला खोचला.

"मी कधी म्हनले का घट हाय म्हनून?" साखराबाईची जीभ सवयीनं सुटली, आणि लगेच तिलाच ती नकोशी झाली. "न्हाई म्हनले. पन न्हाई बी न्हाई म्हनले. तुमी येत व्हतात म्हनून."

हे शेवटचं ती इतक्या हळू बोलली की फक्त कौशल्याबाईनं ऐकलं असावं. कौशल्याबाईनं भरला तांब्या परत उचलला आणि पाणी हिंदकळू न देता, काठी टेकत निघून गेली.

त्या दिवसापासून दार कुणी ओलांडलं नाही. टँकरवर साखराबाई गेली की बाया पाठ फिरवायच्या. तात्याबा तेवढा पायरीवरून ओरडला, "काकू, देवी काय म्हनती?"

"म्हनती चेअरमनला बी एक ट्रे पेर, डोकं हिरवं होईल," ती म्हणाली. पण आवाजाला धार नव्हती आणि कुणी हसलं नाही.

टँकर आला की ती आपल्या दोन हंड्यांतला एक बाजूला काढायची. तांब्या भरायची आणि एकेका दारात जायची. "तुझं पानी," एवढंच म्हणायची. रुक्मिणीबाईनं ते घेतलं नाही, विटाळ म्हणाली. साखराबाईनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि संध्याकाळी रिकामा परत आणला. एकीनं दारच उघडलं नाही. सगळ्यांचं एका टँकरात फिटणार नव्हतं. ती दर टँकरला जात राहिली.

सहा ट्रेचे दोन झाले. माती तडकलेले चार भिंतीला उभे केले. मेथीचा ट्रे मोडला, घोळाणा बंद झाला. कापलेलं सगळं पाव्हण्याला, आणि तिला भाकरी-चटणी. तरी त्याच्या फासळ्या हाताला लागू लागल्या. ती त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि दिवस मोजायची.

तुळशीच्या वाळलेल्या काड्यांवर मंजिऱ्या शिल्लक होत्या. त्यातली मूठभर तिनं त्याच दिवशी उचलून आणली होती. चहाच्या पत्र्याच्या डब्यात पेरली. ह्या डब्याला अंघोळीचं पाणी नाही, प्यायच्या पाण्यातलं रोज चमचाभर. फाल्गुनात बारीक कोंब आले, टाचणीच्या डोक्याएवढे. चार-चार पानांवर आल्यावर ती डबा आणि भरला तांब्या घेऊन कौशल्याबाईच्या दारात उभी राहिली.

कौशल्याबाईनं आधी तांब्या घेतला. उभ्या उभ्या तोंडाला लावला आणि घटाघटा पिऊन रिकामा केला. मग डब्यात डोकावली. बराच वेळ.

"माझ्याच तुळशीची हाय?"

"मग काय सशाची?"

"जगवलीस तर," कौशल्याबाई म्हणाली. डबा तिनं आत नेला. बस म्हणाली नाही. साखराबाईही थांबली नाही. पण कौशल्याबाईनं दार लावून घेतलं नव्हतं, हे तिनं वळून पाहिलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तिनं अंगण सारवलं. शेवटचा ट्रे कापायला आला होता, तो तिनं राखून ठेवला. अंजनानं आल्या आल्या स्वतःच्या हातानं चारायचा. दुपारी फोन वाजला. कनवटीचा फोन काढून तिनं कानाला लावला.

"माय," रामहरी म्हणाला, "आमी येत न्हाई एवढ्यात. ऊसच सरला हिकडं, कारखाना बंद झाला. मुकादमानं वीटभट्टीवर काम बघितलंय. पावसाच्या तोंडाला येऊ."

"पाडवा उद्या हाय."

"हाय ठावं."

"आन अंजना?"

"ती बी संगंच."

साखराबाई उंबऱ्यावर बसली. सारवलेलं अंगण अजून ओलसर होतं. त्याला तिनं अर्धी कळशी पाणी घातलं होतं. तिकडं फोन हातातून हातात गेला.

"आत्या," सत्यभामाचा आवाज, "ससं मेलं असंल तर मेलं म्हना. मी काय बोलनार न्हाई. ह्या दुस्काळात कुनाचंच जगलं न्हाई."

त्या आवाजात पहिल्यांदाच टोमणा नव्हता. थकवा होता. साखराबाईला उत्तर सुचलं होतं, चांगलं झोंबणारं. ते तिनं दिलं नाही. उठून आत गेली, राखून ठेवलेल्या ट्रेमधला गहू मुठीत धरून कापला आणि सशापुढं धरला. दुसऱ्या हातानं फोन त्याच्या तोंडाशी लावला.

"ऐक," ती म्हणाली.

ससा खाऊ लागला. करकर, करकर, करकर. बिनखिडकीच्या खोलीत तेवढाच आवाज. मग लांबून, भट्टीच्या मोकळ्या रानातून, एक पोरगी किंचाळली, "कापश्या हाय! आये, कापश्याच हाय! असंच खातो तो!"

आणखी थोडा वेळ करकर झाली.

"बरं," सत्यभामा म्हणाली. तिनं नाक ओढलं. "शाळा उघडली की पोरीला आनून सोडते. बोलले ते बोलले."

"दोन महिने हायेत त्याला."

"हायेत. तवर होईल का तुमाला?"

"तू तुझ्या विटा बघ," साखराबाई म्हणाली. आणि फोन ठेवायच्या आधी, "पोरीला टोपी घाल. ऊन लई हाय."

फोन बंद झाला. बाहेर वारं सुटलं होतं, शेजारच्या घराची कडी वाजली. या वेळी ती उठली नाही. रिकामा ट्रे पुढं ओढून तिनं जुन्या मुळांची माती बोटांनी मोकळी केली. डब्यात गहू तीन-चार ओंजळी उरला होता. त्यातली एक ओंजळ भिजत घातली.

"कापश्या," ती म्हणाली, "सर जरा तिकडं. पेरू दे."